चौसष्टावं घर

म्हैसूरला समुद्र नाही. मंगळूरचा म्हणावा तर तोही घाट उतरून सहा तासांवर. तरीही मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी जयलक्ष्मीपुरममधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर बसून उपेंद्र रत्नागिरी जिल्ह्यातलं एक अख्खं गाव वादळाच्या तोंडातून बाहेर काढत होता. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

गावाचं नाव खारवेळ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, आमराया आणि घरं. उपेंद्र तिथलाच. दहावीनंतर बाहेर पडला तो पुणं, बंगळूर करत वीस वर्षांपूर्वी म्हैसूरला एका कंपनीत लागला आणि इथलाच होऊन गेला. आई भावाकडे पुण्याला. खारवेळच्या घराचं कुलूप निघायचं ते शिमग्याला आणि गणपतीला. गाव सोडून गेलेल्या माणसाचं गावावर जरा जास्तच प्रेम असतं, कारण त्या प्रेमाला रोज उठून काही करावं लागत नाही. उपेंद्रला ही गोष्ट ठाऊक होती आणि ती त्याला टोचायचीही. म्हणून त्याने गावासाठी एक काम अंगावर घेतलं होतं.

मागच्या वादळात खारवेळची दोन माणसं वाहून जाता जाता वाचली होती. एका म्हाताऱ्याला शोधायला ती भर वाऱ्यात बाहेर पडली आणि तो म्हातारा आदल्या दिवशीच लेकीकडे जाऊन झोपाळ्यावर बसला होता. कोण घरात आहे, कोण गेलंय, कोणाला कोणी आणायचं, कशाचा कशाला पत्ता नव्हता. उपेंद्रने फोनवरून ग्रामपंचायतीला सांगितलं, की याची एक नीट यादी हवी. ग्रामपंचायत म्हणाली, करा. गावात असं कोणी ‘करा’ म्हटलं की समजावं, काम आपल्या गळ्यात पडलं.

अडचण अशी होती, की यादी करायची कशावरून? घरपट्टीच्या यादीत निम्मी नावं मेलेल्यांची. मतदारयादीत मुंबईत राहून खारवेळला मत टाकणारे. रेशनकार्डांवर एका घराच्या तीन चुली आणि तीन घरांची एक चूल. मग उपेंद्रला एकदम सुचलं. गावात एकही उंबरा न चुकवता दारोदार जाणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे शिमग्याची पालखी. देवी स्वतः घरी येते म्हटल्यावर मुंबईचे, पुण्याचे सगळे त्या दिवशी दार उघडून हजर असतात. पालखीच्या मागे मागे हिंडलं की झालं.

यंदाच्या मार्चमध्ये तो तीन दिवस तसा हिंडला. अंगणात पालखी टेकायची, बायका देवीची ओटी भरायच्या आणि तेवढ्यात उपेंद्र फोनवर भरून घ्यायचा: माणसं किती, पावसाळ्यात कोण असतं, चालता न येणारं कोण, गुरं किती. लोकांना गंमत वाटली. देवी पुढे आणि उपेंद्रची शिरगणती मागे, असं म्हणून हसले, पण माहिती दिली. त्रेसष्ट घरं झाली. बारा माणसं नेमून प्रत्येक घराला त्यांतला एक माणूस दिला. सगळ्यांवर देखरेख देवश्रीची. ही ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी चोवीस वर्षांची मुलगी, बोलायला कमी आणि कामाला वाघ.

देवळाच्या भिंतीवर नियमांचा कागद लागला. पहिला नियम, औषधं, आधार कार्ड, विजेरी आणि कोरडं खाणं यांचं गाठोडं बांधून ठेवावं. दुसरा, गुरं सोडून द्यावीत. तिसरा नियम उपेंद्रचा खास लाडका होता: आपला नेमलेला माणूस दारात येईपर्यंत कोणीही घर सोडू नये. म्हणजे कोणी कोणाला उगाच शोधत फिरायला नको. मागच्या वेळच्या झोपाळ्यावरच्या म्हाताऱ्यावरचा हा उतारा होता.

त्या शुक्रवारी हवामान खात्याने दुपारी वादळ किनाऱ्याला लागणार म्हणून सांगितलं होतं. उपेंद्रने कंपनीतून रजा टाकली. सकाळी सातपासून खारवेळहून एकेक नोंद येत होती आणि त्याच्या पडद्यावर एकेक घर पांढऱ्याचं हिरवं होत होतं. माणसं सड्यावरच्या, म्हणजे वरच्या पठारावरच्या शाळेत पोचत होती. साडेदहाला शेवटचं घर हिरवं झालं. त्रेसष्टपैकी त्रेसष्ट, शंभर टक्के. उपेंद्रने त्या हिरव्या पडद्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खुर्चीत मागे रेलला.

मग जे सुरू झालं, ते त्याने आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. टाळ्या, हात जोडलेले, फुलं. ‘गावाचं नाव काढलंस.’ ‘म्हैसूरला बसून गाव हलवलंस, मानलं.’ तालुक्याच्या साहेबांनी लिहिलं, की खारवेळची पद्धत इतर गावांनीही घ्यावी. दहावीला त्याला जेमतेम काठावर पास केलेल्या मास्तरांनीही आशीर्वाद पाठवला. उपेंद्र एकेक ओळ वाचत होता, वर जाऊन पुन्हा वाचत होता. माणूस आहे. त्याला बरं वाटलं.

अकराच्या सुमाराला वासुदेवराव वर आले. हे घरमालक, खाली राहायचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेतून आले आणि म्हैसूरच्या घोडदळात राहिले. आता घोडंही नाही आणि फौजही नाही, पण घरात मराठी टिकून होती, कानडीत भिजलेली. बायको सुष्मा गेल्यापासून ते कॉफी स्वतः करायचे आणि एकट्याने पिववत नाही म्हणून दोन पेले घेऊन वर यायचे.

“आले का हो सगळे? तुमच्या गावचे?”

“सगळे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरं.”

“भेष, शाब्बास. यादी कसं केलंत पण?”

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून उपेंद्र जणू टपूनच होता. त्याने पालखीची गोष्ट रंगवून सांगितली. वासुदेवराव मान डोलवत ऐकत राहिले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, “आमचं पण असंच, नोडी. आमच्या बीदीतली, गल्लीतली मारम्मा देवी वर्षाला एकदा निघतंय. एक मने, एक घर सोडत नाही, सगळ्यांच्या दारात थांबतंय. ह्या वर्षी तेवढं आमच्या दारात थांबलं नाही. सुष्मा जाऊन नऊ दिवस झालेलं. सूतक नं. मी गेटात हात जोडून उभा राहिलो, ती सुम्ने, न थांबता पुढं गेली.”

उपेंद्रच्या हातातला पेला तसाच राहिला.

“तुमच्या गावात त्या वेळी कोणी गेलं नव्हतं ना?” वासुदेवरावांनी सहज विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “नसेल, बिडी, सोडा. कॉफी गार होतंय, घ्या.”

गेलं होतं. पालखीच्या आठ दिवस आधी जगन्नाथकाका गेले होते.

जगन्नाथकाका म्हणजे खाडीवर तरीची होडी चालवणारे, माणसांना या काठावरून त्या काठाला नेऊन सोडणारे. त्यांची बायको रुक्मिणीकाकी. त्यांचं घर खाडीच्या अगदी तोंडाशी, गावाच्या टोकाला. मूलबाळ नाही. उपेंद्रचं हायस्कूल पलीकडच्या काठाला होतं आणि आई दिवसभर कोळंबी सोलायच्या कामाला. तीन वर्षं तो दुपारचा काकीच्या ओटीवर जेवला होता. नात्यागोत्याचा नाही, भावकीतला नाही, तरी त्याचं ताट तिथे ठरलेलं होतं. माशाचा मधला तुकडा त्याला आणि शेपटी काकांना.

काका गेल्याचं त्याला म्हैसूरला कळलं तेव्हा त्याने फोन केला नाही. फोनवर काय बोलायचं, शिमग्याला जातोच आहोत, समोर बसून बोलू, असं त्याने स्वतःला सांगितलं. शिमग्याला गेला तेव्हा पालखी होती. सुतकाच्या घरात जाऊन आलं की आंघोळ केल्याशिवाय पालखीजवळ जाता येत नाही आणि त्याला तर पालखीच्या मागे हिंडायचं होतं. पालखी काकीच्या घरावरून न थांबता पुढे गेली, ढोलही तेवढ्यापुरता हलका झाला. काकी बेड्याशी, म्हणजे आपल्या आवाराच्या दाराशी, पदर खांद्यावर घेऊन हात जोडून उभी होती. देवीला हात जोडून झाले आणि तिने उपेंद्रकडे बघितलं. उपेंद्रने फोनमध्ये बघितलं. दुसऱ्या दिवशी जाऊ, असं तो मनात म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची बस होती.

म्हणजे ते घर नुसतं यादीतून राहिलं नव्हतं. ते त्याला दिसलं होतं आणि त्याने मान खाली घातली होती.

अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. त्याने काकीच्या मोबाइलवर फोन लावला. वाजत राहिला. काकीला ऐकू कमी येतं आणि तिचा फोन फडताळात असतो, हे त्याला माहीत होतं. पुन्हा लावला. मग देवश्रीला लावला. ती दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वासुदेवराव त्याच्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता पेले उचलून खाली गेले.

गावाचा गट समोर उघडाच होता. बारा नेमलेली माणसं त्या घटकेला शाळेत बसून तो गट वाचत होती. त्यांच्याच टाळ्या एकेक करून येत होत्या. ‘रुक्मिणीकाकींकडे कोणीतरी ताबडतोब जा’ एवढी एक ओळ टाकली असती, तर त्यातला कोणीतरी उठून धावला असता. शाळेपासून खाडीचं तोंड दहा मिनिटांवर. उपेंद्रने ती ओळ लिहिली. वर त्याचा हिरवा पडदा होता, शंभर टक्के. त्याच्याखाली साहेबांचं कौतुक. त्याच्याखाली ही ओळ कशी दिसेल, हे त्याला दिसलं आणि त्याने ती पुसली. देवश्री उचलेलच, तिला सांगू, ती गुपचूप कोणालातरी पाठवेल, काम होईल, बोभाटा होणार नाही. पुन्हा फोन. पुन्हा ती व्यग्र. दुसऱ्यांदा ओळ लिहिली, दुसऱ्यांदा पुसली. कदाचित शेजारच्यांबरोबर काकी शाळेत गेलीही असेल, मग उगाच आपल्या तोंडाला काळं कशाला? माणसाचं मन वकिली करायला लागलं की फी मागत नाही.

साडेअकराला त्याने देवश्रीच्या नंबरावर संदेश पाठवला. त्यावर एकच खूण आली, दुसरी आली नाही. फोन लावला तर आता तो व्यग्रही नव्हता, लागतच नव्हता. काकीचा वाजायचा थांबला होता. खारवेळचा टॉवर गेला होता.

बावीस मिनिटं. हा आकडा त्याने तेव्हाच मोजला आणि नंतर तो त्याच्या डोक्यातून हलला नाही.

मग मात्र त्याने जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. तिथल्या माणसाचा आवाज बसला होता.

“खारवेळ? तुमच्याकडून तर सगळे हलवल्याचा निरोप आलाय.”

“हो, पण एक म्हातारी बाई घरात असण्याची शक्यता आहे.”

“यादीत नाव आहे?”

“एक घर… तिथे कोणी पोचलं नसावं.”

“त्या स्वतःच थांबल्या असतील साहेब. म्हातारी माणसं निघत नाहीत, सकाळपासून हेच चाललंय. नाव लिहून घेतो. रस्त्यावर माड पडायला लागलेत, वारा उतरल्याशिवाय कोणाला पाठवता येणार नाही.”

“असेल,” उपेंद्र म्हणाला. “थांबल्या असतील.”

फोन ठेवल्यावर त्याला आपल्या त्या एका शब्दाची किळस आली.

दुपारभर म्हैसूरला नुसतं मळभ होतं. समोरच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाची पानंसुद्धा धड हलत नव्हती. टीव्हीवर मात्र कोकणचे माड जमिनीला टेकत होते. मृदुला, त्याची बायको, कॉलेजात शिकवायची. ती चारला घरी आली तेव्हा तो टीव्हीसमोर उभा होता, बसलेला नव्हता. त्याने तिला सगळं सांगितलं. म्हणजे पालखी सांगितली, सुतक सांगितलं, टॉवर गेल्याचं सांगितलं. मृदुलाने ऐकून घेतलं. तीही त्या गटावर होती.

“वासुदेवराव किती वाजता वर आले होते?” तिने विचारलं.

“अकराला.”

“आणि टॉवर?”

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मृदुलाने पुढे काही विचारलं नाही, आणि तो रागावलेल्या माणसाचा अबोला नव्हता. ती चहा करायला आत गेली. ती रागावली असती तर त्याला जरा सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला देवश्रीचा फोन आला. तिचा आवाज कोरडा होता, दमलेला.

“दादा, रुक्मिणीकाकी सापडल्या. जिवंत आहेत.”

उपेंद्रने टीव्ही बंद केला.

“माड घरावर पडला. कौलं, वासे सगळं आत. त्या दाराच्या चौकटीत होत्या म्हणून वाचल्या. खुब्याचं हाड मोडलंय. रात्रभर कमरेपर्यंत पाण्यात होत्या. सकाळी उडालेली कौलं शोधायला गेलेल्या माणसांना आवाज आला. दारावर घालून त्यांना शाळेपर्यंत आणलं, तिथून रुग्णालयात. गाठोडं मांडीवर होतं त्यांच्या. तुमच्या कागदात लिहिलंय तसं. गोळ्या, आधार कार्ड, विजेरी, लाह्या. चपला घालून बसल्या होत्या.”

“शेजारच्यांनी कोणी…”

“शेजारचे जाताना म्हणाले होते, चला म्हणून. त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, माझा माणूस येईल. मी आधीच निघाले तर तो मला शोधत वाऱ्यात फिरेल.”

तिसरा नियम. त्याचा लाडका.

“आता त्या एक वेगळंच सांगतायत,” देवश्री म्हणाली. “सगळ्यांना सांगतायत, की देवश्री आली होती न्यायला, मीच हट्टाने गेले नाही. मी गेले नव्हते दादा.”

“माहीत आहे.”

तो काही बोलेल म्हणून देवश्री वाट बघत होती, हे त्याला फोनमधूनही कळत होतं. पलीकडे कोणीतरी कौलं रचत असल्याचा आवाज येत होता.

“आता त्यांना आराम करू दे,” उपेंद्र म्हणाला. “नंतर बघू.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गटावर तोवर गोष्ट तयार झाली होती. म्हातारी हट्टी. काका गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. आपण कितीही करा, काही लोकांना स्वतःचंच कळत नाही. एकाने लिहिलं, उपेंद्रची यादी शंभर टक्के होती, पण माणूसच निघाला नाही तर यादी काय करणार. त्यावर अठरा अंगठे होते. उपेंद्रने तो अंगठ्यांचा ढीग दोन दिवस तसाच ठेवला. रोज उघडून बघत होता आणि रोज बंद करत होता. ताट तसंच मागे सारत होता. वासुदेवराव कॉफी घेऊन वर आले, तर तो झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. त्यांनी पेला दारात झाकून ठेवला आणि ते परत गेले.

सोमवारी सकाळी दहाला पुन्हा देवश्रीचा नंबर वाजला, पण आवाज काकीचा होता.

“जेवलास काय रे?”

सकाळी दहाला. तिचा पहिला प्रश्न कायम हाच असायचा, वेळ कुठलीही असो.

“काकी,” तो म्हणाला आणि त्याने नाक ओढलं.

“रडू नको. माझं हाड मोडलंय, मी रडत नाय. उद्या ऑपरेशन करतात म्हणे. सळई घालणार. आता लोखंडाची बाई झाले बघ मी.”

“काकी, तू खोटं का सांगितलंस?”

“कसलं?”

“देवश्री आली होती म्हणून.”

रुग्णालयातल्या ढकलगाडीच्या चाकांची खडखड आली आणि गेली.

“ही पोरगी सकाळपासून माझ्या उशाशी बसलीय. लोक हिला बोलले असते,” ती म्हणाली. “आणि यादी तुझी. उद्या परत वारं आलं आणि लोक म्हणाले, त्या यादीचं काय खरं, ती म्हातारीला विसरली होती, तर कोण घर सोडेल? म्हातारी हट्टी होती म्हटलं की काम भागलं. चार दिवस बोलतील. माझं काय जातंय त्यात.”

उपेंद्रला वाटलं, हे फारच शहाणपणाचं आहे. गावाच्या भल्याचं आहे. गप्प बसण्यासाठी याच्याहून चांगलं कारण मिळणार नाही. आणि ते इतकं चांगलं आहे म्हणूनच त्याला त्याची भीती वाटली. त्या बावीस मिनिटांतही त्याला अशीच चांगली चांगली कारणं सुचली होती.

“मला आधी कळलं होतं काकी,” तो म्हणाला. “वादळ लागायच्या आधी. फोन चालू होते तेव्हा. गटावर लिहिलं असतं तर तुला कोणीतरी आणलं असतं. मला लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. माझं कौतुक चाललं होतं.”

तिला ऐकू आलं नसावं असं वाटून तो पुन्हा बोलणार, एवढ्यात ती म्हणाली, “ऐकलं.”

“आणि शिमग्याला मी तुला बघितलं होतं. बेड्याशी उभी होतीस. सुतक होतं, म्हणून मी…”

“सुतकात देव घरी येत नाय रे,” काकी म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखाद्या लहान मुलाला रीत समजावावी तसा तो होता. “म्हणून तर माणसं येतात.”

उपेंद्रने कपाळ टेबलावर टेकलं.

“हे मला तेव्हा लागलं होतं,” ती म्हणाली. “माड पडला ते एवढं नाय लागलं. सांगायचं नव्हतं, पण तूच विषय काढलास. मी त्या रात्रीसुद्धा म्हणत होते, उपेंद्रची यादी आहे, उशीर होईल, पण कोणतरी येईल. पाणी गुडघ्याला लागलं तरी म्हणत होते.”

“मी आज निघतो काकी.”

“ये. सुतक फिटून दोन महिने झाले.” मग जरा मऊ होऊन, “येताना आंबे नको आणू, इथे खाली पडलेत ढिगाने. घे, हिच्याशी बोल.”

पण देवश्रीने फोन बंद केला.

उपेंद्रने तोंड धुतलं. मृदुला कॉलेजला निघाली होती, तिला म्हणाला, मी आज रात्रीच्या गाडीने गावी जातोय. ती म्हणाली, बरं, आणि मग दारातून मागे वळून म्हणाली, “जाण्याआधी लिही.” कुठे, काय, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही.

त्याने गट उघडला. या वेळी पुसायचं नाही म्हणून त्याने थेट लिहीत नेलं.

‘खारवेळच्या सर्वांना. शुक्रवारी रुक्मिणीकाकींकडे कोणीही गेलं नव्हतं. देवश्री गेली नाही, कारण तिला दिलेल्या यादीत ते घर नव्हतं. ते मी घातलं नाही. शिमग्याला तिथे सुतक होतं, म्हणून पालखी थांबली नाही आणि मीही थांबलो नाही. वादळाच्या दिवशी अकरा वाजून आठ मिनिटांनी ही चूक माझ्या लक्षात आली. साडेअकरापर्यंत गावात फोन लागत होते. तेवढ्या वेळात मी इथे एक ओळ लिहिली असती तर काकींना आणता आलं असतं. वर माझं कौतुक चाललं होतं म्हणून लिहिली नाही. काकींनी कोणालाही नकार दिला नव्हता. त्या नियमाप्रमाणे वाट बघत बसल्या होत्या. यादी शंभर टक्के नव्हती. अजून कोणी राहिलं असेल तर सांगा.’

पाठवलं. गटावर एकशे अठरा माणसं होती. एकेक करून सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा येत गेल्या, पण कोणी काही लिहीना. टाळ्या देणाऱ्यांच्या बोटांना आता काय झालं, असा एक कडवट विचार त्याच्या मनात आला आणि त्याचीही त्याला लाज वाटली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली वासुदेवरावांच्या स्वयंपाकघरात पेले वाजले.

मग देवश्रीचा संदेश आला. गटावर नाही, त्याच्या एकट्याच्या नंबरावर.

‘दादा, वरच्या आमराईतल्या नेपाळी राखणदारांचं खोपटं पण यादीत नाही. तिथे पालखी जातच नाही. ते लोक सगळ्यांच्या मागून स्वतःच शाळेत आले. मी तेव्हाच बघितलं होतं. पण तुम्ही हिरवा पडदा टाकला होता आणि सगळे कौतुक करत होते, म्हणून बोलले नाही.’

उपेंद्रने ते दोनदा वाचलं. साडेदहाला ही मुलगी गप्प बसली होती, अकराला तो गप्प बसला होता, आणि दोघांचं कारण एकच. तिला गप्प बसायला त्यानेच शिकवलं होतं. त्याने तिला लिहिलं, की चूक तुझी नाही. मग यादी उघडली. शेवटच्या हिरव्या ओळीखाली त्याने चौसष्ट लिहिलं, त्यापुढे काकीचं पूर्ण नाव, एक माणूस, चालता येत नाही. मग पासष्ट.

‘किती जण आहेत?’ त्याने विचारलं.

‘चार. त्यात एक तान्हं आहे.’

‘घराला नाव काय लिहू? कर्त्या माणसाचं नाव सांग.’

बराच वेळ पलीकडे लिहिणं चालू आहे असं दिसत राहिलं आणि थांबत राहिलं. शेवटी आलं: ‘सात वर्षं झाली त्यांना गावात. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. विचारून येते.’

उपेंद्रने तो रकाना मोकळा ठेवला आणि वाट बघत बसला.